खड्ड्यातून आलेली खूण

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं आमच्या घरात मला कळायला लागल्यापासून म्हणतात, आणि ते खोटं नाही. या रागानं माझं एक मोठं नुकसान केलं. ते मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही, कारण सांगायला गेलं की लोक सुरुवातीलाच हसतात. लिंगायत वाण्याच्या, कापड दुकानदाराच्या पोराला राज्याच्या नेमबाजी संघात जायचं होतं, यावरच त्यांची करमणूक होते. पुढचं ऐकायला कुणी थांबत नाही.

केजला आमचं कापडाचं दुकान होतं. धोतरं, लुगडी, मांजरपाट, शाळेच्या गणवेशाची खाकी. त्या वर्षांत बाजार झपाट्यानं बदलत होता. बसस्टँडसमोर एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या, बड्या लोकांच्या गच्च्यांवर टीव्हीच्या छत्र्या आल्या, आणि आमच्या बरोब्बर समोरच्या गाळ्यात तयार जीन्सचं दुकान निघालं. वडील गादीवर बसून दिवसभर त्या दुकानात कोण शिरतंय ते बघत. मी त्यांच्या शेजारी बसून मीटर हातात धरायचो आणि आपलं पुढं काय, या विचारानं आतल्या आत चरफडायचो.

त्या काळात आमच्या भागातल्या पुढाऱ्यांमध्ये काहीतरी काढायची चढाओढ लागली होती. कुणी कॉलेज काढलं, कुणी सूतगिरणी. एका पुढाऱ्यानं, ज्यांना सगळे नुसतं दादा म्हणत, नेमबाजी मंडळ काढलं. पुण्याकडं असं काहीतरी त्यांनी बघितलं होतं आणि मनानं घेतलं होतं. धारूरच्या अलीकडं डोंगराच्या पायथ्याला त्यांची पडीक जमीन होती. तिथं बुलडोझर फिरवून सपाट पट्टा केला, एका टोकाला झोपून गोळी मारायचा ओटा बांधला, आणि तिथून तीनशे मीटरवर, डोंगराला पाठ लावून, निशाणं उभी केली. परवाने, रायफली, काडतुसं ही सगळी कागदपत्रं दादांच्या एका शब्दावर हलली. लोक त्या जागेला चांदमारी म्हणू लागले.

उद्घाटनाचं लाल कापड आमच्या दुकानातून गेलं. ते पोचवायला मी गेलतो. जेवणं झाल्यावर दादा मजेत होते. समोर दूर एक मडकं ठेवलं होतं आणि आलेले पाहुणे एकामागून एक ते चुकवत होते. दादा मला म्हणाले, "ये वाण्या, तू मार बे एक." सगळे हसले. मी जन्मात पहिल्यांदा बंदूक हातात धरली, झोपलो, आणि मडकं फुटलं. हसणं बंद झालं. त्या एका क्षणाची चटक मला लागली, हे मी कबूल करतो. आमच्या घरात कुणी मुंगीवर पाय देत नाही, आणि मी त्या रात्रीपासून रायफलीचीच स्वप्नं बघायला लागलो.

आईनं तोंड फिरवलं. वडिलांनी विचारलं, "बंदुकीनं काय कापड मोजतोस का?" मी ऐकेना तेव्हा, चार-सहा महिन्यांच्या भांडणानंतर, त्यांनी सौदा केला. "दोन दिवाळ्या देतो तुला. राज्याच्या संघात नाव आलं तर खेळ, मी आडवा येनार न्हाई. न्हाई आलं तर गादीवर बसायचं, आन् परत त्या बंदुकीचं नाव काडायचं न्हाई." वडील शब्दाचे पक्के होते. मीही होतो. दोन दिवाळ्यांत राज्याचा संघ, नाहीतर जन्मभर ती गादी आणि समोरचं जीन्सचं दुकान, एवढं सरळ होतं ते.

मग मी शिकायला लागलो. मंडळात एक निवृत्त फौजी महिन्यातून एकदा येत, त्यांनी जे सांगितलं ते मी अक्षरशः पाळलं. पोटावर झोपताना गळ्यातलं लिंग, चांदीच्या डबीतलं, छाती आणि जमिनीच्या मधे रुतायचं आणि श्वास घेतला की नेम हलायचा. मी ते पाठीवर सरकवून झोपायला लागलो. आईला कळल्यावर ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. दुकानाच्या माळ्यावर रोज सकाळी रिकाम्या रायफलीसारखं एक वजनदार लाकूड धरून पडून राहायचो. चांदमारीवर रिकाम्या रायफलीच्या नळीवर चाराण्याचं नाणं ठेवून घोडा दाबायचो. नाणं पडलं की पुन्हा पहिल्यापासून. अर्धा श्वास सोडायचा, थांबायचं, घोडा दाबायचा, गोळी सुटल्यावरही गाल उचलायचा नाही. चहा सोडला, कारण चहानं नाडी वाढते. एक वही केली. त्यात प्रत्येक गोळी लिहायचो: वेळ, ऊन, वारा, कुठं धरलं, कुठं लागली.

कुठं लागली हे मला खड्ड्यातून कळायचं. तीनशे मीटरवरचं भोक डोळ्याला दिसत नाही, आणि मंडळाची एकुलती एक दुर्बीण दादा आले तरच कपाटातून निघायची. निशाणाखाली माणसाच्या उंचीचा खड्डा होता, त्यात एक माणूस बसायचा. गोळी गेली की तो निशाण खाली ओढायचा, भोक बघायचा, त्यावर मागून कागदाची चिकटी लावायचा, निशाण परत वर करायचा आणि काठीला बांधलेला भाकरीचा तवा भोकाच्या जागी धरून दाखवायचा. गोळी हुकली असेल तर तवा या कडेपासून त्या कडेपर्यंत हलवायचा. निशाणाचा मोठा कागद महिना महिना तोच असे. मधला काळा गोल तेवढा चाळणी झाली की नवा चिकटवायचा.

खड्ड्यातला हा माणूस म्हणजे दादांचा जुना सालगडी. साठीचा असेल. गुडघे गेले म्हणून शेतातून काढून त्यांना खड्ड्यात बसवलं होतं. मी त्यांना मामा म्हणायचो. ते मला, त्यांच्या निम्म्या वयाच्या पोराला, शेठ म्हणायचे.

पहिलं वर्ष बरं गेलं. दहातल्या तीन गोळ्या काळ्यात, मग चार, कधी पाच. हळूहळू, पण वहीत दिसायचं की गाडी पुढं सरकतेय. वाऱ्याचं मात्र मला जमत नव्हतं. दुपारी डोंगराच्या कडेनं उजवीकडचं वारं सुटायचं आणि मामांचा तवा डावीकडं सरकायचा. फौजींनी सांगितलं होतं की वाऱ्याला जेवढं द्यायचं तेवढं नेमातच द्यावं लागतं, म्हणजे वारं जिकडून येतं तिकडं थोडं सरकून नेम धरायचा. किती सरकायचं ते ज्याचं त्यानं वहीवरून शोधायचं. मी शोधत होतो. धीर धरला असता तर सापडलं असतं.

पहिली दिवाळी झाली आणि धीर संपला. एका रविवारी दादा शेजारच्या जिल्ह्यातल्या पाहुण्यांना घेऊन आले. "हे आमचं हुकमाचं पान," म्हणून मला पुढं केलं. वारं होतं. मी पहिली गोळी मारली, तवा डावीकडं, काळ्याच्या बाहेर. दुसरी, तिथंच. तिसरी, तिथंच. पाहुण्यांपैकी कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. माझं डोकं फिरलं. रायफल ठेवून, गोळीबार थांबवायचा लाल झेंडा लावायलाही न थांबता, मी तीनशे मीटर पळत गेलो आणि खड्ड्याच्या कडेवरून ओरडलो, "डोळे फुटले का तुमचे? गोळी कुठं लागली ते दिसत न्हाई तर कावून बसता इथं?" मामांच्या हातातला तवा हिसकून मी लांब फेकला. ते खड्ड्यातून हळूहळू वर आले, गुडघ्यावर हात ठेवत चालत जाऊन तवा उचलला आणि धोतराच्या सोग्यानं पुसला. "चुकलं शेठ," म्हणाले. मागून दादा आले होते. त्यांना मजा वाटली होती. ते मामांना म्हणाले, "शेठला नाराज करू नको बे."

पुढच्या रविवारी माझ्या दहापैकी सात गोळ्या काळ्यात होत्या.

मला वाटलं, बघा, रागावलो ते बरं झालं. म्हातारा आळशीपणानं काहीही दाखवत होता, आता नीट बघायला लागला. असा विचार मी केला, आणि केला एवढंच नाही, चारचौघांत बोलून दाखवला. त्यानंतर सात, आठ, कधी नऊ. वारं असो नसो. मग मी वहीत एक नियम लिहिला, खाली दोन रेघा मारल्या: हात स्थिर असेल तर वाऱ्याकडे बघायची गरज नाही. मंडळातल्या नव्या लोकांनाही मी हेच शिकवायला लागलो. फौजी आता येत नव्हते, बदली झालेल्या मुलाकडं ते राहायला गेले होते. मला टोकायला कुणी उरलं नाही.

मामा दर रविवारी चाळणी झालेला काळा गोल कापून माझ्या हातात द्यायचे. "घ्या शेठ, लई मारलं आज." मी त्यातले चांगले सहा निवडून काचेच्या चौकटी करून दुकानात लावले. त्याच भिंतीवर, जिथं पूर्वी मिलच्या कॅलेंडरांची ओळ होती. गिऱ्हाईक लुगडं बघता बघता वर बघायचं आणि विचारायचं. सुरुवातीला वडील उत्तर द्यायचे नाहीत. मग एकदा मी माळ्यावर होतो तेव्हा खाली ते कुणाला तरी सांगताना ऐकलं, "आमच्या पोराचं हाय ते. तीनशे मीटरवरून मारतंय." आवाजात असं काही होतं की मी जिन्यातच बसून राहिलो. वडिलांच्या तोंडून स्वतःचं कौतुक मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, आणि तेच शेवटचं.

दुसऱ्या दिवाळीच्या आधी राज्याची स्पर्धा लागली, पुण्याकडच्या एका मैदानावर. दादांच्या जीपमधून रायफल आणि परवान्याचे कागद घेऊन आम्ही गेलो. मी निर्धास्त होतो. ओट्यांच्या बाजूला वाऱ्याची फडकी लावलेली होती आणि ती उजवीकडून फडफडत होती. बाकीचे नेमबाज त्या फडक्यांकडं बघून कागदावर आकडेमोड करत होते. मला त्यांची कीव आली. मी लिंग पाठीवर सरकवलं, झोपलो, काळ्याच्या बरोबर मध्यावर नेम धरला आणि नाणं पडलं नसतं अशी गोळी सोडली. खूण आली ती डावीकडं, काळ्याच्या बाहेर.

दुसरी तिथंच. तिसरी तिथंच. मी हात वर करून ओरडलो की खुणा चुकीच्या दाखवतायत. पंच म्हणून एक वयस्कर, शांत गृहस्थ होते. ते म्हणाले, पुढं मारा. मी पुढं मारत गेलो, तसाच मध्यावर नेम धरून, कारण दुसरं काही करायचं मी एक वर्षापूर्वी सोडून दिलं होतं. संपल्यावर मी कागद बघायचा हट्ट धरला. त्यांनी माझ्यापुढं आख्खा कागद आणून पसरला. काळ्या गोलात दोन भोकं होती. बाकीची सगळी डावीकडं, एकमेकांना चिकटून. पंचांनी बराच वेळ तो कागद बघितला आणि मला विचारलं, "तुमच्याकडे खड्ड्यात कोण असतं?" मी म्हणालो, आहेत एक मामा. त्यांनी कागद गुंडाळून माझ्या हातात दिला. यादी लागली तेव्हा माझं नाव शोधायला मी वरून सुरुवातसुद्धा केली नाही.

जीपमध्ये सबंध रस्ता तो प्रश्न माझ्या डोक्यात घुमत होता.

सकाळी दुकान उघडल्यावर मी सहाच्या सहा चौकटी भिंतीवरून काढल्या, काचा सोडवल्या आणि गोल पायरीवर उन्हात मांडले. शेजारी तो पुण्याचा कागद पसरला. गोळी कागदातून जाताना तिच्या अंगावरची काजळी आणि तेल कागदाला पुसून जातं. त्यामुळं भोकाच्या काठाला बारीक करडं कडं उमटतं. काळ्या कागदावरही तिरक्या उन्हात ते दिसतं. पुण्याच्या कागदावर प्रत्येक भोकाला कडं होतं. माझ्या पहिल्या चौकटीत नऊ भोकं होती, त्यातल्या दोनांना कडं होतं. दुसरीत एकाला. एका गोलात एकालाही नव्हतं. बाकीची भोकं नुसती फाटलेली होती, जाड खिळा घुसवल्यावर फाटतात तशी.

वडील गादीवरून बघत होते. "आलं का नाव?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "त्या चौकटी ऱ्हाऊ दे भितीवर. गिऱ्हाईक बघतंय." मला त्या क्षणी ते दुकान पेटवून द्यावंसं वाटलं.

मी तसाच मोपेड काढून चांदमारीवर गेलो. आडवार होता, नेमबाजीला कुणी आलं नव्हतं. मामा खड्ड्याच्या कडेला बसून चिकट्या कापत होते. मी पायरीवर जे बघितलं ते सांगितलं. त्यांनी नाकारलं नाही. मला वाटलं होतं पाया पडतील, रडतील. तसलं काही नाही. कापत कापत म्हणाले, "दादांचं तर पयल्यापासून तसंच हाय शेठ. दादांची गोळी भाईर गेली म्हनून कोन सांगंल? एक खिळा असतो खिशात, मारतो भोक."

"आन् माझं?"

"तुमचं खरं दावत होतो की. तुमी तवा फेकला त्या दिसापर्यंत. दादा म्हनले, शेठला नाराज करू नको. मग न्हाई केलं." त्यांनी कात्री खाली ठेवली. "तुमी पन कदी विचारलं न्हाई."

मी विचारलं, मग वर्षभर माझ्या गोळ्या खऱ्या कुठं जात होत्या? मला वाटलं ते म्हणतील, कुठंही, सैरावैरा. निदान एवढा तरी दिलासा मिळावा की मुळात माझ्यात काही नव्हतंच.

"वारं नसंल तर काळ्यात. वारं आसंल तर डावीकडं, वीतभर," ते म्हणाले. "पर समद्या एका जागी. ताटलीएवढ्या जागंत बसायच्या. तुमच्यावानी हात मी दुसरा बगितला न्हाई. मला लई वाटायचं, शेठ जरा उजवीकडं का धरत न्हाईत."

हात जमलेला होता. दोन वर्षं नाणं न पाडता जे कमवायचं होतं ते कमावून झालं होतं. फक्त वीतभर उजवीकडं सरकायचं होतं, आणि ते सांगणारा एकुलता एक माणूस मी ओरडून गप्प केला होता. एक वर्षभर माझं यश माझ्या डाव्या बाजूला, ताटलीएवढ्या जागेत साठत होतं आणि मामा त्यावर चिकट्या लावत होते.

मामांवर रागवायचा हक्क मला नाही हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. कळून राग गेला असता तर मी दुसरा माणूस झालो असतो. मी म्हणालो, "खड्ड्यात उतरा. एकच गोळी मारतो. खरी दावा."

हत्यारांच्या कोठीवरच्या राखणदाराकडं सही करून रायफल आणि एक काडतूस घेतलं. मामा खड्ड्यात गेले, झेंडा खाली केला. उजवीकडचं वारं होतं, नेहमीचं. मी झोपलो आणि काळ्याच्या उजव्या कडेबाहेर, मनानं मोजलेल्या वीतभर अंतरावर नेम धरला. अर्धा श्वास सोडला. गोळी गेली. गाल उचलला नाही. निशाण खाली गेलं, वर आलं, आणि तवा काळ्याच्या ऐन मधोमध थांबला.

रायफल रिकामी करून ओट्यावर ठेवली, लाल झेंडा वर चढवला आणि चालत निघालो. तीनशे मीटर इतके लांब कधी वाटले नव्हते. मी पोचेपर्यंत मामा खड्ड्यातून वर येऊन उभे होते. भोकावर चिकटी लावलेली नव्हती. मध्यापासून बोटभर खाली भोक होतं आणि त्याच्या काठाला करडं कडं होतं. मी बोट फिरवून बघितलं, बोटाला काजळी लागली.

"बगा शेठ," मामांनी दोन्ही तळहात पुढं केले. "हात मोकळे हायेत."

कडं डोळ्यांपुढं होतं, काजळी बोटावर होती, हात रिकामे होते. तरी मी पुढं झालो आणि त्यांच्या बंडीचे दोन्ही खिसे चाचपले. एका खिशात तंबाखूची पुडी निघाली, दुसऱ्यात चुन्याची डबी. मामा हात वर धरून उभे होते, आणि धोतराची मागची खोच मला बघता यावी म्हणून स्वतःहून जरा वळले.